यंत्राशी मैत्री (भाग ९) : आत्याची कॅसेट आणि शेर-मापट्याचा हिशेब



मागच्या भागात आपण फोनच्या बॅटरीबद्दल बोललो. या वेळी विषय थोडा शाळेतला आहे : ॲनालॉग म्हणजे काय, डिजिटल म्हणजे काय, आणि संगणक सगळे काही ० आणि १ मध्येच का मोजतो. घाबरू नका, परीक्षा नाही. आणि सुरुवात पुस्तकातून न करता आमच्या घरातल्या एका कॅसेटपासून करतो, कारण हा धडा मी तिथे शिकलो आणि त्याची किंमतही तिथेच मोजली.

आम्ही इंदूरचे. माझी आत्या सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिलेली. १९८८ च्या उन्हाळ्यात बाबा तिच्याकडे गेले, तेव्हा शेजाऱ्यांचा टू-इन-वन मागून घेऊन गेले होते. पहाटे आत्या दळायला बसली, बाबांनी बटण दाबले आणि साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर तिच्या जात्यावरच्या ओव्या उतरल्या. मागे जात्याची घरघर, मधूनच कावळा, एकदा कुणीतरी दाराशी येऊन 'दूध ठेवलंय' म्हणते तेही. १९९६ मध्ये आत्या गेली. तिचा आवाज असलेली ही एकच वस्तू. कपाटात, अत्तराच्या रिकाम्या डबीशेजारी ती कॅसेट असायची आणि दिवाळीला एकदा लागायची.

आता त्या कॅसेटमध्ये नेमके काय होते ते पाहू.

आत्या गाते तेव्हा हवा थरथरते. मायक्रोफोनमधला पातळ पडदा त्या हवेबरोबर हलतो आणि त्याच्या हलण्याप्रमाणे तारेतला विजेचा दाब कमी-जास्त होतो. टेपवर लोहाच्या संयुगाची बारीक भुकटी चिकटवलेली असते. विजेचा दाब जसा बदलेल तशी ती भुकटी कमी-जास्त चुंबकीय होते. म्हणजे आवाज चढला की वीज चढते, वीज चढली की चुंबकत्व चढते. मध्ये कुठेही मोजमाप नाही, आकडा नाही. एक गोष्ट दुसरीसारखी हुबेहूब हलते, एवढेच. यालाच ॲनालॉग संकेत म्हणतात. पाऱ्याचा तापमापक ॲनालॉग, काट्याचे घड्याळ ॲनालॉग, आजीच्या चुलीवरचा जाळही ॲनालॉगच; थोडा पुढे, थोडा मागे, मधल्या सगळ्या पायऱ्या त्याच्याकडे आहेत.

ही गोष्ट गोड आहे, पण तिला एक रोग आहे. प्रत आणि मळ यांत ती फरक करू शकत नाही. टेपची स्वतःची एक 'हिस्स' असते. माझ्या चुलतभावाने १९९९ मध्ये त्या कॅसेटची प्रत केली, तेव्हा आत्याच्या आवाजाबरोबर मूळ टेपची हिस्स प्रतीत गेली आणि वर नव्या टेपची हिस्स चढली. त्याच्या प्रतीवरून त्याच्या बहिणीने प्रत केली. तिच्या कॅसेटवर आत्या पावसात उभी राहून गातेय असे वाटते. यंत्राला कसे कळावे की ही सळसळ आत्याची नाही? त्याच्या दृष्टीने दोन्ही विजेचे चढउतारच.

जुना टीव्ही आठवतो? अँटेना हलली की चित्रात मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतूनही रामायण दिसायचे. आता सेट-टॉप बॉक्स आहे. मुंबई-दिल्लीत केबलचे ॲनालॉग प्रसारण थांबवण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ही होती, मग टप्प्याटप्प्याने बाकी देश. आता चित्र एकतर लख्ख दिसते, नाहीतर चौकोन चौकोन होऊन थिजते. मुंग्या गेल्या, त्यांच्याबरोबर 'थोडेसे दिसणे'ही गेले. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिजिटलची युक्ती अशी : आवाजाची नक्कल ठेवायचीच नाही, त्याची मापे लिहून ठेवायची. ठराविक काळाने विजेचा दाब मोजायचा, आकडा लिहायचा, पुन्हा मोजायचा, पुन्हा लिहायचा. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी हे मोजणे सेकंदाला ४४,१०० वेळा ठरवले गेले. एवढे का? माणसाच्या कानाला साधारण सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येते, तेही तरुणपणी. आणि जेवढी जलद कंपने टिपायची त्यांच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावे लागते. हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या कामातून आणि पुढे क्लॉड शॅनन यांच्या मांडणीतून हा नियम आला.

इथे थोडे थांबतो, कारण बऱ्याच पुस्तकांत डिजिटल आवाज म्हणून जिन्यासारखे चित्र काढलेले असते आणि मुलांना वाटते की पायऱ्यांच्या मधला आवाज हरवला. तसे नाही. मोजणी पुरेशी दाट असेल, तर त्या सर्व बिंदूंतून जाणारी आणि त्या मर्यादेत बसणारी वळणदार रेघ एकच निघते. वाजवताना यंत्र तीच रेघ पुन्हा काढते. स्पीकरपर्यंत जिना पोहोचत नाही.

मोजणी विरळ केली तर मात्र खरेच काहीतरी जाते, आणि ते तुम्ही रोज अनुभवले आहे. टेलिफोनचे डिजिटल जाळे उभारताना सेकंदाला ८,००० मोजण्या ठरल्या, कारण बोलणे कळले की पुरे होते. त्या फोनवर साधारण ३,४०० कंपनांच्या वरचे सगळे गाळले जाते. 'एस' आणि 'एफ' यांच्यातला फरक नेमका त्या वरच्या भागात असतो. म्हणून बँकेला फोनवर नाव सांगताना आपण 'एस, एस, सीता वाला एस' असे ओरडत असतो. दोष तुमच्या उच्चाराचा नाही. हल्लीच्या फोरजीवरच्या कॉलमध्ये मोजण्या दुप्पट झाल्या, तेव्हा माणसे अचानक शेजारी बसल्यासारखी ऐकू येऊ लागली ती यामुळेच.

बरे, आकडे लिहायचे ठरले. पण कोणत्या पद्धतीने?

आपण दहाने मोजतो, कारण हाताला दहा बोटे. यंत्राला बोटे नाहीत. त्याच्याकडे फक्त दिवा लागला की नाही एवढेच आहे. दहा वेगवेगळे विजेचे दाब ठेवून दहा अंक दाखवता आले असते, पण मग जरासा मळ मिसळला की ७ चा ६ व्हायचा. दोनच ठेवले तर मध्ये भरपूर मोकळी जागा राहते. जुन्या पद्धतीच्या ५ व्होल्टच्या चिपमध्ये ०.८ व्होल्टपेक्षा कमी असेल तर ते ० समजायचे आणि २ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर १. तारेत मळ मिसळून ० चा ०.४ झाला तरी पुढची चिप त्याला ० च वाचते आणि पुढे पाठवताना पुन्हा स्वच्छ ० पाठवते. आत्याच्या कॅसेटची प्रतीची प्रत मळत गेली. पण फाईलची हजारावी प्रत मूळ फाईलइतकीच ताजी असते, त्याचे कारण हे एवढेच आहे.

आता फक्त दोन अंकांत मोजायचे कसे? मुलांना इथे अवघड वाटते. मला वाटते, त्यांना आपल्या पणजीच्या कोठीघरात न्यायला हवे.

किलो-लिटर येण्याआधी धान्य मापांनी मोजत. गावोगावी मापांत थोडा फरक असे, पण रांग अशी : दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अडशिरी, दोन अडशिऱ्या म्हणजे एक पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. म्हणजे चिपटे १ धरले तर मापटे २, शेर ४, अडशिरी ८ आणि पायली १६.

समजा कोठीत या पाचांपैकी प्रत्येकी एकच भांडे आहे आणि शेजारीण म्हणते, 'तेरा चिपटी ज्वारी द्या.' पणजी काही चिपटे तेरा वेळा भरत बसणार नाही. पायली? नको, ती सोळाची, मोठी झाली. अडशिरी भरा : आठ झाली, पाच राहिली. शेर भरा : एक राहिले. मापटे? नको. चिपटे भरा. झाले. आता डावीकडून उजवीकडे, मोठ्या मापापासून, भरले तर १ आणि नाही भरले तर ० असे लिहा : पायली ०, अडशिरी १, शेर १, मापटे ०, चिपटे १. म्हणजे ०११०१. हीच द्विमान पद्धतीतली तेरा ही संख्या. एकवीस हवी असतील तर पायली, शेर, चिपटे : १०१०१. घरात कुणी लहान असेल तर त्याला सव्वीस काढायला सांगा. एकही माप दोनदा भरावे लागत नाही आणि ० पासून ३१ पर्यंत कोणतीही संख्या चुकत नाही.

आणखी एक दुप्पट भांडे आणले की मजल ६३ पर्यंत. आठ भांडी झाली की २५६ वेगवेगळ्या संख्या, सोळा झाली की ६५,५३६. भरलेल्या किंवा रिकाम्या अशा एका भांड्याला बिट म्हणायचे आणि आठ भांड्यांच्या संचाला बाइट. तुमच्या फोनवर '१२८ जीबी' लिहिलेले असते ना, तो या संचांचा हिशेब.

हे वाचून कुणीतरी लगेच म्हणेल की, म्हणजे संगणक आपल्याकडेच होता! तसे फॉरवर्ड मलाही येतात. पिंगलाच्या छंदशास्त्रात लघु आणि गुरू यांची सगळी जुळणी क्रमाने मांडण्याची रीत आहे, हे खरे; तीन अक्षरांचे आठ गण आपण शाळेत 'य, म, त, र, ज, भ, न, स' म्हणून पाठ केले, ते आठ म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोनच. बुद्धी तीच. पण दिव्याच्या बटणांनी तर्क आणि गणित करता येते हे दाखवून देणारा प्रबंध शॅनन यांनी १९३७ मध्ये लिहिला आणि यंत्रे त्या वाटेने आली. दोन्हींचा अभिमान वेगवेगळा बाळगता येतो.

द्विमान संख्या यंत्राला सोयीच्या, माणसाच्या डोळ्याला मात्र छळ. ००००१००१०००००१०१ यात किती शून्ये आहेत हे मोजतानाच चुकायला होते. म्हणून चार-चारचे गट पाडतात. चार भांड्यांत ० ते १५ अशा सोळा संख्या बसतात, तेव्हा प्रत्येक गटाला एकच चिन्ह द्यायचे : ० ते ९, आणि पुढे दहासाठी ए, अकरासाठी बी, असे पंधरासाठी एफपर्यंत. ही षोडशमान पद्धत. ऐकायला भारी, पण आपल्या आजोबांनी ती रोज बाजारात वापरली. सोळा आण्यांचा रुपया! 'दोन रुपये पाच आणे' म्हणजे सदतीस आणे. षोडशमान पद्धतीत २५ लिहिले तर त्याचा अर्थ सदतीसच. फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फायचा पत्ता पाहा, दोन-दोन चिन्हांच्या सहा जोड्या दिसतील, मध्येच ए किंवा एफ. आणि हा लेख वाचताना तुमच्या फोनला 'अ' हे अक्षर माहीत नाही; त्याला माहीत आहे ०९०५ ही संख्या, दशमानात २३०९. आपला खास 'ळ' ०९३३ वर राहतो. वर दिलेली ती लांबलचक शून्य-एकची ओळ म्हणजे 'अ' च होती.

आण्यांवरून एक गंमत, आणि गमतीच्या पोटात एक वाईट गोष्ट.

जुन्या अंकलिपीत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन. यांतला प्रत्येक अपूर्णांक अर्ध्याचे अर्धे करत मिळतो, म्हणून संगणकाला तो अगदी काटेकोर लिहिता येतो. एक आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, तोही काटेकोर. पण १ एप्रिल १९५७ ला आपण दशमान नाणी आणली. दहा पैसे म्हणजे रुपयाचा एक-दशांश. आता तुमच्याकडे फक्त अर्धे, पाव, अर्धपाव अशी निम्मी-निम्मी होत जाणारी भांडी आहेत, त्यांनी बरोबर एक-दशांश शेर मोजून दाखवा. एक सोळांश भरा, कमी पडते. त्यात एक बत्तीसांश घाला, अजून कमी. पुढची दोन भांडी मोठी होतात, ती सोडा. त्यापुढची दोन घाला, तरी किंचित कमी. हे कधीच संपत नाही. आपल्याला एक-तृतीयांश लिहिताना ०.३३३ चे शेपूट लागते, तसे संगणकाला ०.१ लिहिताना लागते. कुठेतरी ते शेपूट तोडावेच लागते. म्हणून काही प्रोग्रॅममध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. पैशांचे चांगले प्रोग्रॅम हे टाळण्यासाठी सगळा हिशेब पूर्ण पैशांत ठेवतात, रुपयाच्या अपूर्णांकात नाही.

हे तोडलेले शेपूट एकदा फार महागात पडले. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या दहरान इथे अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा होती. तिचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजत असे आणि सेकंद काढण्यासाठी त्या आकड्याला ०.१ ने गुणत असे. ०.१ साठी चोवीसच भांडी होती. चूक नगण्य : दर टिकेमागे सुमारे ०.०००००००९५ सेकंद. पण यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू होती. शंभर तासांत ३६ लाख टिके होतात. गुणून पाहा, सुमारे ०.३४ सेकंद येतात. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापते. २५ फेब्रुवारीला स्कड आले, यंत्रणेने चुकीच्या जागी पाहिले, तिथे काहीच दिसले नाही. बराकीतले २८ सैनिक मरण पावले. सुधारलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी तिथे पोहोचला. यंत्र मधूनमधून बंद करून पुन्हा चालू केले असते तरी चूक शून्यावर आली असती. 'एकदा बंद करून चालू करून बघा' हा सल्ला आपण हसण्यावारी नेतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता पुन्हा कॅसेटकडे.

दोन वर्षांपूर्वी बाबांना ऐंशी पूर्ण झाली, तेव्हा ठरवले की आत्याचा आवाज फोनवर आणायचा. ओळखीच्यांकडून चालू स्थितीतला डेक मिळाला. त्याच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढली, लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली आणि आवाज मोठा ठेवला. मोठा म्हणजे चांगला, असा माझा समज. पडद्यावरची हिरवी पट्टी मधूनमधून लाल होत होती. मला वाटले, छान, जोरात येतोय. अर्ध्या तासात जवळपास आठ कोटी मोजण्या झाल्या आणि १५९ एमबीची फाईल तयार झाली.

संध्याकाळी बाबांना ऐकवली. ते डोळे मिटून ऐकत होते. भावाची ओवी आली. आत्या तिथे आवाज चढवते आणि बाबांचे घरचे नाव घेते. नेमके तिथे चर्र झाले. बाबांनी डोळे उघडले आणि विचारले, "इथं तिला खोकला आला होता का रे?"

मी ती जागा पडद्यावर मोठी करून पाहिली. आवाजाची रेघ डोंगरासारखी दिसते; इथे सगळी शिखरे कापलेली होती, पाचगणीच्या टेबललँडसारखी सपाट. सोळा भांड्यांत ६५,५३६ संख्या बसतात, त्यातल्या निम्म्या रेघेच्या खालच्या बाजूला जातात, म्हणून वरच्या बाजूची सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. आवाज त्याच्या वर गेला की यंत्र काय लिहिणार? ३२,७६७. पुन्हा ३२,७६७. पुन्हा तेच. भांडी संपली, धान्य जमिनीवर सांडले. किती सांडले याची नोंद कुठेच नाही.

चूक कळली, म्हणजे दुरुस्ती सोपी, असे वाटले. आवाज कमी करून पुन्हा घ्यायचे. पातळी ठरवायला सर्वांत चढा भाग वाजवून पाहावा म्हणून मी तोच तुकडा मागे-पुढे, मागे-पुढे केला. चौथ्या-पाचव्या वेळी डेकने टेप ओढून घेतली. कॅसेट बाहेर काढली तेव्हा हातभर टेप रोळात गुंतून चुरगळली होती. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. हातभर म्हणजे ४५ सेंटिमीटर धरा : साडेनऊ सेकंद. तीच ओवी.

त्या रात्री मला झोप आली नाही, हे काही वेगळे सांगायला नको.

तुमच्याही घरात अशी एखादी कॅसेट असेल. आजोबांचे कीर्तन, ताईच्या लग्नातली मंगलाष्टके, बाळाचे पहिले बोबडे बोल. तर माझ्याकडून एवढे घ्या. आधी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन छोट्या पट्ट्या तोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही. कॅसेट वर्षानुवर्षे पडून असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. घट्ट बसलेली टेप सैल होते. डेकचे हेड आणि रबरी रोळ साफ करून घ्या आणि पहिली चाचणी एखाद्या नको असलेल्या कॅसेटवर करा. माझा खरा गुन्हा हा होता की चाचणीसाठी मी आत्यालाच वापरले. वायर शक्यतो माइकच्या नव्हे, 'लाइन-इन' लिहिलेल्या भोकात घाला. आणि आवाजाची पट्टी सर्वांत चढ्या जागीही अर्ध्याच्या आसपास राहील एवढीच ठेवा. भीती वाटेल की आवाज बारीक येईल. येऊ द्या. अर्ध्यावर ठेवले म्हणजे सोळांपैकी एकच भांडे रिकामे राहिले. कॅसेटची स्वतःची हिस्सच त्याहून कितीतरी मोठी असते. आवाज नंतर वाढवता येतो, सांडलेले परत भरता येत नाही. पहिली फाईल 'वेव्ह' स्वरूपात ठेवा. एमपी-थ्री बनवताना कानाला फारसे जाणवणार नाही असा भाग टाकून देतात, ती पाठवण्यापुरती वेगळी करा. दोन प्रती दोन ठिकाणी. आणि काम झाले तरी कॅसेट फेकू नका.

हे शेवटचे का म्हणतो ते सांगतो. दुसऱ्या दिवशी कॅसेटचे चार बारीक स्क्रू काढून मी ती चुरगळलेली टेप स्वच्छ कागदावर पसरली आणि मऊ कापडाने, दम धरून, सपाट करत गेलो. सुरकुत्या पूर्ण गेल्या नाहीत. पेन्सिल भोकात घालून गुंडाळली, दुसऱ्या डेकमध्ये घातली, पट्टी निम्म्यावर ठेवली आणि वाजवली.

आवाज आला. पाण्याखालून यावा तसा, हेलकावे खात, दोनदा जवळजवळ नाहीसा होत. सुरकुतीच्या जागी भुकटी उडाली आहे, उरलेल्या जागी आहे. पण चढा सूर सपाट नाही, पूर्ण वर जातो, आणि नाव कळते.

आता फोनमध्ये ओव्यांच्या दोन फाईली आहेत. एकीत सगळे स्वच्छ, फक्त ती साडेनऊ सेकंद चर्र. दुसरीत ती साडेनऊ सेकंद थरथरतात, पण आहेत. भाच्याने दोन्ही जोडून एक चांगली फाईल करून दिली, तीच आम्ही सगळ्या नातेवाइकांना पाठवली. बाबा मात्र जोडलेली ऐकत नाहीत. दुपारी चहा झाला की ते फोन माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "ती हलणारी लाव."